डुकरखोपीत हरवलेले क्रँकबेट

गार्लंड टिडवेलला आता मासे धरता येत नाहीत, असं पिंकनी गावाने त्या उन्हाळ्यात एकमताने ठरवून टाकलं. आमच्या गावात एकमत होणं म्हणजे खायचं काम नाही. चर्चमधल्या गालिच्याचा रंग ठरवायला बसले होते, तर उठले तेव्हा दोन चर्चं झाली होती. पण गार्लंडच्या बाबतीत दोन्ही चर्चं आणि कुठल्याच चर्चला न जाणारेसुद्धा एका सुरात बोलायला लागले: बिचारा संपला.

कारण गार्लंड रोज एक क्रँकबेट हरवत होता.

क्रँकबेट म्हणजे खोटा मासा. बोटाएवढा, प्लास्टिकचा नाहीतर हलक्या लाकडाचा. तोंडाशी ओठासारखी पुढे आलेली पट्टी आणि पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ. दोरीला बांधून लांब फेकायचा आणि रीळ फिरवत ओढायचा. ओढला की तो डोकं खाली घालून बुडी मारतो, थरथरत येतो आणि बास नावाच्या माशाला वाटतं, चला, न्याहारी आली. आता आमच्या हॅचर तलावातला बास राहतो कुठे, तर खुंटांत. धरण बांधलं तेव्हा खालचं रान अर्धंमुर्धं तोडून तसंच बुडवलं. त्यामुळे पाण्याखाली खुंट, मुळं, फांद्या, कुंपणाच्या तारा, असली सगळी अडगळ भरलेली आहे, आणि मासा नेमका त्या अडगळीत मांडी घालून बसतो. क्रँकबेट टाकायचा तर तिथेच टाकावा लागतो, आणि तिथे टाकला की कधी ना कधी अडकतोच. मोसमात चार-पाच गेले तर कुणी काही म्हणत नाही. रोज एक घालवणाऱ्याला मात्र लोक बोलणारच.

खरी गोष्ट अशी की गार्लंडचा अख्ख्या उन्हाळ्यात एकच क्रँकबेट हरवला होता. तो एप्रिलमध्ये. बाकीचे सगळे त्याच्या स्वयंपाकघरात, मक्याच्या पिठाच्या रिकाम्या डब्यांत, बहुतेक किमतीच्या पुठ्ठ्यासकट, सुखरूप होते.

तो एप्रिलमधला क्रँकबेट महागडा होता, वाढदिवसाला मेव्हण्याने दिलेला. तो डुकरखोपीत गेला. डुकरखोपी म्हणजे तलावाचा पार कोपऱ्यातला फाटा. तिथे पूर्वी कुणाची तरी डुकरं होती, आता नुसते खुंट आहेत. गार्लंड दुसऱ्या दिवशी मॅक्सीनबाईंच्या दुकानात नवीन घ्यायला गेला.

मॅक्सीन लेडबेटर म्हणजे ब्यूफर्ड लेडबेटरची विधवा. तो गेल्यावर दुकान तिने एकटीने चालवलं. गांडुळं, नाकतोडे, जिवंत चिंगळ्या, गळ, दोऱ्या आणि सकाळी सॉसेज घातलेले बिस्किट-पाव. दारात पाटी होती: ‘घेणाऱ्याने बसावं, न घेणाऱ्याने वाट धरावी.’ ब्यूफर्ड असताना दुकानात दिवसभर फुकट्यांचा अड्डा असायचा. तो गेला त्याच आठवड्यात बाईंनी पाटी लावली आणि अड्डा उठवला.

“कुठला घालवलात?” त्यांनी विचारलं.

गार्लंडने सांगितलं.

“तो? तो घेऊन तुम्ही डुकरखोपीत गेलात? अहो टिडवेल, लग्नातला सूट घालून कुणी गोठा साफ करायला जातं का?”

“भेट मिळाला होता...”

“भेट मिळालेलं कपाटात ठेवायचं असतं. तुमचं सोडा, ज्यांच्याजवळ असले महागडे असतात ना, ते खुंटांच्या जवळपास टाकतच नाहीत. जीव होत नाही. लांब मोकळ्या पाण्यात टाकतात आणि म्हणतात, तलावात मासे राहिले नाहीत. थांबा.” असं म्हणून त्यांनी खालचा खण उघडला आणि सगळे स्वस्तातले क्रँकबेट काउंटरवर ओतले. चष्मा नाकावर आला. “हं. गोल ओठाचा नको. गोल ओठ लाकडावर घसरतो आणि गळ जाऊन रुततो. हा बघा, चौकोनी ओठ. हा खुंटावर डोकं आपटतो, आडवा होतो आणि सटकतो. दुसरं, तरंगणाराच घ्यायचा. अडकतोय असं वाटलं की ओढायचं नाही. दोरी सैल सोडायची. तो आपला आपण वर येतो. नवऱ्याने बायको चिडली की जे करायला हवं आणि तो कधीच करत नाही, ते.”

“बरोबर,” गार्लंड म्हणाला.

“खुळखुळणारा हवा का? गढूळ पाण्यात खुळखुळणारा बरा. ऐका.” बाईंनी एक उचलून स्वतःच्या कानाशी हलवला आणि मग काउंटरवरून पुढे वाकून त्याच्या कानाशी हलवला. “आणि रंगाच्या नादी लागू नका. रंग माशासाठी नसतो, गिऱ्हाइकासाठी असतो. गढूळ पाण्यात पोपटी पोट आणि काळी पाठ, संपला विषय. फक्त गळ बघून घ्यायचा. स्वस्तातल्यांत चोरी करतात ती गळात.” त्यांनी गळाचं टोक अंगठ्याच्या नखावरून ओढलं. नखावर बारीक पांढरी रेघ उठली. “हा ओरखडतो. हा घ्या. घसरला असता तर परत ठेवला असता.”

यातलं अक्षरन् अक्षर गार्लंडला ठाऊक होतं. तो चालायला लागायच्या आधी त्याच्या बापाने त्याला होडीत बसवला होता. पण त्याची बायको अर्लीन गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षांत, कुणी त्याच्या इतक्या जवळ उभं राहून इतका वेळ त्याच्याशी बोललं नव्हतं. बाईंच्या अंगाला तळलेल्या सॉसेजचा आणि नाकतोड्यांच्या पेटीतल्या भुशाचा वास येत होता, आणि गार्लंडला तो वास घरी गेल्यावरसुद्धा आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या क्रँकबेटवर डुकरखोपीतून दोन चांगले बास काढले. क्रँकबेटला साधा ओरखडासुद्धा नाही. गार्लंड होडीत बसून त्याच्याकडे बघत राहिला. हा इतका गुणी निघाला तर पुन्हा दुकानात जायचं कशाच्या नावाने? संध्याकाळी त्याने तो पिठाच्या डब्यात टाकला आणि सकाळी दुकानात हजर झाला.

“गेला,” तो म्हणाला.

“कालचा?”

“डुकरखोपीत.”

“अरे देवा,” म्हणत बाईंनी खण उघडला.

तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन बोलायचं की. साठी उलटलेला माणूस, कुणाची भीती? तर तुम्ही पिंकनीत राहिलेला नाहीत. आमच्याकडे विधुर माणसाने विधवेच्या दुकानात काही न घेता एक कप कॉफी प्यायली, तर कप धुऊन होईस्तोवर चर्चच्या बायका लग्नाच्या केकला किती अंडी लागतील ते बोलत असतात. शिवाय गार्लंडची जीभ मुळातच जड. अर्लीनला मागणी घालायला त्याला तीन वर्षं लागली होती, आणि शेवटी तिनेच कंटाळून घातली. तेव्हा ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, एवढाच मार्ग त्याला दिसला. मी म्हणते, लपवावं माणसाने, पण भांडं तरी लहान असावं.

मे गेला, जून गेला. रोज सकाळी सात वाजता गार्लंड यायचा, मान खाली घालून “गेला” म्हणायचा, आणि मग अर्धा तास काउंटरवर चौकोनी ओठांची परीक्षा व्हायची. एकदा त्याला वाटलं, आज जरा ऐट दाखवावी. त्याने वरच्या खणातल्या चकचकीत जपानी क्रँकबेटकडे बोट दाखवलं.

“तो द्या.”

“तो मी तुम्हाला विकणार नाही,” बाई म्हणाल्या.

“का? पैसे आहेत माझ्याकडे.”

“पैसे असतील. पण तुमच्यासारख्या माणसाला तो विकणं म्हणजे पाप आहे, आणि मला रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचं असतं.”

पुढे बाईंना त्याची फारच दया यायला लागली. त्यांनी एक दिवस त्याला फुकट एक शिशाचा ठोकळा दिला. दोरीवरून खाली सोडला की तो जाऊन अडकलेल्या क्रँकबेटवर आदळतो आणि त्याला सोडवतो, असं ते साधन. गार्लंडची पाचावर धारण बसली. आता हरवायचं निमित्तच गेलं. रात्रभर त्याने विचार केला आणि सकाळी जाऊन सांगितलं:

“ठोकळासुद्धा अडकला.”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. “ठोकळ्याला गळ नसतो, टिडवेल.”

“हो ना. मलाही नवल वाटलं.”

त्या बुधवारी चर्चच्या जेवणाला पाद्री उठले. म्हणाले, आज आपल्या एका बंधूच्या दृष्टीसाठी प्रार्थना करायची आहे, नाव घेत नाही. आणि मग सगळ्यांनी चिकन खाता खाता गार्लंडकडे बघितलं. शेजारच्या टेबलावरून मॅक्सीनबाईंनी डोळे मिटून इतक्या मनापासून “आमेन” म्हटलं, की गार्लंडने हातातला चिकनचा तुकडा परत ताटात ठेवला. शुक्रवारी बाईंनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. डॉक्टर म्हणाले, तुझी नजर घारीसारखी आहे, तू इथे कशाला आलास? गार्लंडने दुकानात येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणतात वयोमानाने व्हायचंच.

सगळ्यात जाच होता तो डबचा. डब हार्बिन म्हणजे गार्लंडच्या बहिणीचा नवरा. चकचकीत होडीचा मालक. त्या होडीच्या हप्त्यांपायी बहिणीने दोन वर्षं नवीन चपला घेतल्या नव्हत्या. पेट्रोल पंपावर गार्लंड दिसला की डब लांबूनच हाक मारायचा.

“काय मेव्हण्या, आज किती खुंट पकडलेस?”

“जाऊ दे ना डब.”

“नाही, मी म्हणतो, खुंट तळून चांगले लागतात का? की उकडायचे?”

आणि पंपावरची चार माणसं खो खो हसायची. हे त्या गार्लंडला, ज्याने या डबला गाठ मारायला शिकवली होती! गार्लंड आतून जळायचा, पण दुसऱ्या दिवशी सात वाजता दुकानात असायचा. प्रेमात माणूस मूर्ख होतो म्हणतात. मासे धरणारा माणूस प्रेमात अडाणी दिसायलासुद्धा तयार होतो, आणि ते मूर्ख दिसण्यापेक्षा कितीतरी जड आहे.

सप्टेंबर संपता संपता बाईंनी काउंटरवर एक पुठ्ठा लावला. हिवाळ्याआधीची खुंटवेचणी झाली की दुकान कायमचं बंद. जॅक्सनविलला मुलीकडे राहायला जाणार.

गार्लंडने तो पुठ्ठा वाचला. मग पुन्हा वाचला. डॉक्टर म्हणाले तशी नजर घारीसारखीच होती, अक्षरं काही बदलली नाहीत.

“जाणार?” त्याने विचारलं.

“जाणार. गुडघे बोलायला लागलेत. शार्लीन कधीची बोलावतेय. ती म्हणते, आई, नाकतोडे विकायचं वय आहे का तुझं?” बाईंनी नेहमीप्रमाणे खण उघडला. “तुम्ही काय, कालचा गेला का?”

“गेला,” गार्लंड म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खरोखरच कुणी गेल्यासारखा आला.

बोलायला हवं होतं. त्याला कळत होतं. खुंटवेचणीच्या आत बोलला नाही, तर बाई जॅक्सनविलला जाणार आणि त्याच्या स्वयंपाकघरात जन्मभर पुरतील एवढे क्रँकबेट राहणार. तो रोज ठरवून जायचा, आज बोलायचं. आणि रोज काउंटरपाशी पोहोचला की तोंडातून एकच शब्द निघायचा, “गेला”.

खुंटवेचणी म्हणजे आमच्या गावचा मोठा सण. दर हिवाळ्याआधी धरणवाले तलावाचं पाणी उतरवतात. खालचं सगळं रान उघडं पडतं, चिखल आणि खुंट, आणि त्या खुंटांना वर्षभर लोकांनी हरवलेले क्रँकबेट लटकत असतात. शनिवारी सकाळी आठ वाजता धक्क्यावर पाद्री प्रार्थना म्हणतात आणि सगळं गाव गमबूट घालून, बादल्या घेऊन चिखलात उतरतं. ज्याला सापडेल त्याचा. अर्ध्या गावाचा पुढच्या वर्षाचा साठा त्यातून निघतो. त्याहून स्वस्त क्रँकबेट जगात कुठे मिळत नाही. प्रार्थनेच्या आधी चिखलात पाय ठेवायचा नाही, एवढाच नियम. तो मोडणाऱ्याशी वर्षभर कुणी नीट बोलत नाही.

शुक्रवारी डबने पंपावर जाहीर केलं. “मंडळी, उद्या इकडेतिकडे हिंडू नका. सरळ डुकरखोपी गाठायची. माझ्या मेव्हण्याने उन्हाळाभर तिथे पेरणी केलीय. खुंटागणिक तीन-तीन लागले असतील!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गार्लंडच्या पायाखालची जमीन सरकली. उद्या सगळं गाव डुकरखोपीत जाणार, आणि तिथे काय सापडणार? एक. एप्रिलमधला. मग लोक विचारणार, बाकीचे कुठे गेले? आणि मॅक्सीनबाई तिथेच उभ्या असणार.

शनिवारी उजाडता उजाडता गार्लंड पिठाचे डबे पोत्यात भरून डुकरखोपीत उतरला. नियम मोडत होता, प्रार्थनेआधी चिखलात होता, पण आता लाज सोडलेलीच होती. त्याने भराभरा पुठ्ठे फाडले आणि खुंटांना क्रँकबेट लावायला सुरुवात केली. या खुंटाला दोन, त्या फांदीला एक. घाईत तो दिसेल तिथे लावत सुटला. आणि शेवटचे थोडे उरले असताना एका खुंटाकडे वळायला गेला तो उजवा पाय मांडीपर्यंत गाळात गेला. डावा सोडवायला गेला, तोही गेला. खाली बघितलं तर गाळ, वर बघितलं तर मॅक्सीनबाई.

बाई काठावर उभ्या होत्या. पायात ब्यूफर्डचे गमबूट, हातात रिकामी बादली.

एक बगळा उडून गेला.

“टिडवेल,” बाई शेवटी म्हणाल्या, “हे काय करताय?”

“वेचतोय.”

“वेचणारा काढतो. तुम्ही लावताय.” त्या खाली उतरल्या, गुडघा सांभाळत एका खुंटापाशी आल्या आणि वर बघितलं. “आणि हा कुठे लावलाय? पाण्याची रेघ बघा, माझ्या कमरेला आहे. हा माझ्या डोक्याच्या वर. इतक्या वर पाणी नोहाच्या प्रलयात आलं होतं.” त्यांनी दुसऱ्या खुंटाकडे बघितलं. “हा तर पुठ्ठ्यासकट आहे! माशाला किंमत वाचायची होती का?”

गार्लंडने मान खाली घातली. मान सोडून दुसरं काही हलवता येत नव्हतं.

बाईंनी एक क्रँकबेट सोडवला, उलटापालटा केला. एकही ओरखडा नाही. मग दुसरा. मग तिसरा. त्यांचा चेहरा लाल होत गेला.

“एकही हरवला नव्हता.”

“एक हरवला होता. पहिला.”

“आणि मी,” बाई म्हणाल्या, “मी बादली घेऊन नियम मोडून आले. कशासाठी, माहितीय? म्हटलं, त्या डबने उचलायच्या आत या गरीब माणसाचे सगळे गोळा करावेत आणि जाण्याआधी त्याला परत द्यावेत. माझ्या गुडघ्यांनी! या चिखलात!” आवाज चढला. “मेमध्ये डॉक्टर म्हणाले होते, गुडघे बदलून घ्या. जूनमध्ये शार्लीनने माझ्यासाठी खोली रंगवली. मी जूनमध्येच दुकान बंद करणार होते. नाही केलं. का? तर मी गेले म्हणजे हा माणूस जाणार कुठे? शहरातल्या दुकानात जाईल, ते याच्या गळ्यात महागडे मारतील, आणि हा महिन्याभरात भिकेला लागेल! चार महिने मी त्या काउंटरमागे उभी राहिले, फक्त तुमच्यासाठी स्वस्तातले मागवत! ते दुसरं कुणी घेतच नव्हतं! आणि तुम्ही ते पिठात ठेवत होतात?”

“डब्यात. पीठ नव्हतं त्यात.”

“गप्प बसा!”

त्यांनी बादली आपटली आणि वळल्या. काठाकडे चालायला लागल्या. गार्लंडने पाय ओढून बघितला, गाळाने तो आणखी खाली ओढला. धक्क्याकडून माणसांचा आवाज यायला लागला होता. प्रार्थना झाली असणार. आणि मग साठ वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. गार्लंड टिडवेलची जीभ सुटली.

“मॅक्सीन, मला मासे धरायला एक क्रँकबेट पुरतो!” तो ओरडला. “तुम्हाला भेटायला मात्र रोज नवा लागायचा! दुसरं काय सांगू तुम्हाला? मला बोलता येत नाही. डब मला हसला, पाद्र्याने माझ्या डोळ्यांसाठी देवाला साकडं घातलं, सगळं सोसलं. जूनमध्ये इथेच, त्या वाकड्या खुंटापाशी, मी नऊ पौंडांचा बास काढला आणि परत सोडून दिला!”

बाई थांबल्या. वळल्या नाहीत, पण थांबल्या.

“किती पौंडांचा?”

“नऊ. वजनकाटा थोडा वरच दाखवत होता.”

“आणि सोडला?”

“आणला असता तर तुम्ही म्हणाला असतात, शाबास, आता हाच क्रँकबेट जपून वापरा. मग दुसऱ्या दिवशी मी कशाला आलो असतो?”

बाई आता वळल्या. “कुणाला सांगितलं?”

“कुणालाच नाही.”

“डबला?”

“डबलासुद्धा नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.”

मॅक्सीनबाई जवळच्या खुंटावर हळूच टेकल्या. चाळीस वर्षं त्यांनी काउंटरमागून मासे धरणारे बघितले होते. पावशेराचा मासा धरून तीन गावांना फोन करणारे बघितले होते. खुद्द ब्यूफर्डने साडेसहा पौंडांच्या एका बासची गोष्ट मरणाच्या दारात नर्सला सांगितली होती. नऊ पौंडांचा बास हॅचर तलावात पिढीतून एकदा निघतो. तो धरून पाण्यात सोडणारा माणूस एखादा भेटेल. पण चार महिने त्याबद्दल ब्र न काढणारा, आणि वर मेव्हण्याचे टोमणे खाणारा पुरुष या पृथ्वीवर असेल, हे बाईंना कुणी बायबलवर हात ठेवून सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

“दुखलं असेल हो,” त्या अगदी हळू म्हणाल्या.

“अजून दुखतंय,” गार्लंड म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गाव येऊन पोहोचलं. पुढे डब, मागे पाद्री, त्यामागे बादल्यांची रांग. डबने खुंटांवर लटकलेले कोरे करकरीत क्रँकबेट बघितले, मांडीपर्यंत रुतलेला मेव्हणा बघितला, खुंटावर बसलेल्या बाई बघितल्या, आणि त्याला त्यातलं काहीच कळलं नाही.

“मेव्हण्या, हे काय? आता स्वतःच अडकलास? ठोकळा आणू का सोडवायला?”

सगळे हसले. मॅक्सीनबाई उठून उभ्या राहिल्या.

“डब हार्बिन, तोंड मीट. या माणसाचा एकही क्रँकबेट अडकलेला नाही. तुमच्यात याच्यासारखा मासे धरणारा कुणी नाही. जूनमध्ये याने या जागेवर नऊ पौंडांचा बास काढला आणि सोडून दिला.”

हसणं थांबलं. डब एक पाऊल पुढे आला. “नऊ? छे! तुम्ही बघितलात?”

“नाही.”

“तुमच्या दुकानातल्या काट्यावर तोलला?”

“नाही.”

“फोटो आहे?”

“नाही.”

“मग कशावरून?”

“हा म्हणतोय ना,” मॅक्सीनबाई म्हणाल्या.

ज्या बाईने गेल्या चाळीस वर्षांत काट्यावर ठेवल्याशिवाय कुणाच्या बापाचा मासा मानला नव्हता, स्वतःच्या नवऱ्याचासुद्धा नाही, ती भर गावासमोर एका पुरुषाचा न बघितलेला मासा खरा धरत होती. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. पाद्र्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मागे कुणीतरी बाई नाक पुसायला लागली.

“मग जॅक्सनविल?” शेवटी डबनेच विचारलं.

“गुडघे इथेही बदलून मिळतात,” बाई म्हणाल्या. “आता बघत काय उभे राहिलात सगळे? काढा माझ्या माणसाला बाहेर.”